‘कार्टून’ या शब्दावर पडलेली ‘कार्ट्या’ची सावली

नौपाडाकर :

गेल्या आठवड्यात ठाण्याहून तुर्भ्याला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत दोन महाविद्यालयीन मुलांचा वाद कानावर पडला. एकाच्या मोबाइलवर कुठलीशी जपानी मालिका चालू होती. दुसऱ्याने ‘अजून कार्टूनच बघतोस का?’ असे विचारले मात्र, पहिला दुखावला आणि ‘हे कार्टून नाही, ॲनिमे आहे’ हे त्याने रबाळ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत न थकता समजावून सांगितले. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला असून आजही अशा मालिका आवडीने पाहतो, त्यामुळे माझी सहानुभूती पहिल्या मुलाकडेच होती. तरीही घरी आल्यावर प्रश्न पडला की ‘कार्टून’ या शब्दात एवढे लागण्यासारखे काय आहे, आणि तो नको असेल तर मराठीत दुसरा कोणता शब्द वापरावा.

या शब्दाचे कूळ पाहिले तर त्यात हलके असे काहीच नाही. इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणजे जाड कागद, पुठ्ठा. भिंतीवर किंवा गालिच्यावर मोठे चित्र उतरवण्याआधी चित्रकार त्याच मापाचे रेखाटन जाड कागदावर करीत आणि त्या रेखाटनाला कागदाचेच नाव पडले. राफाएलने सिस्टीन चॅपेलमधील विणलेल्या पडद्यांसाठी केलेली अशी सात रेखाटने आजही लंडनच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांना ‘कार्टून’च म्हणतात. पुढे 1843 साली ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्रांसाठी आलेल्या रेखाटनांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ‘पंच’ या नियतकालिकाने त्याची टर उडवण्यासाठी आपल्या राजकीय टीकाचित्रालाच ‘कार्टून’ म्हणून छापले. शब्दाला हसू चिकटले ते तिथून.

त्याच ‘कार्तोने’पासून पुठ्ठ्याच्या खोक्याचा ‘कार्टन’ही आला आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या घाऊक दुकानांत आणि वाशीच्या बाजार समितीत हमाल व दुकानदार खोक्याला सर्रास ‘कार्टून’ म्हणतात. ‘दोन कार्टून उतरवून घ्या’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि अनेक वर्षे त्याला हसतही आलो आहे. आता हसत नाही, कारण मूळ अर्थाच्या जवळ मी नसून तो हमाल आहे.

मग मराठीत हा शब्द अपमानाचा का झाला? माझे मत असे की यात आपल्या ‘कार्टे’ या शब्दाचा हात आहे. ‘कार्टं’, ‘कार्टा’, ‘कार्टी’ हे शब्द घरात रोज रागाने आणि तितक्याच लाडाने वापरले जातात. ‘कार्टून’ कानावर पडले की मराठी मनात आधी कार्टे उभे राहते आणि मग चित्र. ‘तो अगदी कार्टून आहे’ असे आपण एखाद्या माणसाला म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात चित्र कमी आणि कार्टे जास्त असते. ही व्युत्पत्ती नव्हे, निव्वळ ध्वनिसाम्य आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु शब्दाची प्रतिष्ठा अनेकदा त्याच्या आईवडिलांपेक्षा शेजाऱ्यांवरून ठरते.

प्रतिशब्द म्हणून वृत्तपत्रांत दिसणारी ‘व्यंगचित्रमालिका’ मला त्याहून गैरसोयीची वाटते. व्यंग म्हणजे उणीव, दोष. राजकीय चित्रात कोणाच्या तरी व्यंगावर बोट ठेवलेले असते, म्हणून तिथे तो शब्द शोभतो. शि. द. फडणीस यांच्या शब्दाविना बोलणाऱ्या चित्रांना आपण ‘हास्यचित्रे’ म्हणतो, म्हणजे नुसते हसवणारे आणि दोष दाखवणारे यांत मराठीने पूर्वीच भेद केलेला आहे. मग ज्या मालिकेत युद्धाने पोरका झालेला मुलगा आहे, आपल्या मुलाच्या मृत्यूचे दुःख उराशी बाळगणारा निवृत्त सेनापती आहे, तिला केवळ ती हाताने काढलेली आहे म्हणून ‘व्यंगचित्र’ का म्हणावे?

जाणकारांनी मत द्यावे.

ऐरोलीकर :

आपले विवेचन रंजक आहे, परंतु व्यंगचित्रमालिकेवरील आक्षेप मला पटत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत कायमचा कोंडून ठेवता येत नाही. ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. म्हणून शेंगदाण्याच्या, करडईच्या किंवा गाडीच्या तेलाला आपण दुसरा शब्द शोधला का? आमच्या पिढीने लहानपणी ‘व्यंगचित्रपट’ हाच शब्द वाचला आणि तो वाचताना कोणाचे व्यंग आठवले नाही. रूढ झालेला मराठी शब्द असताना पुन्हा इंग्रजीकडे वळण्याची गरज मला दिसत नाही.

नौपाडाकर :

तेलाचे उदाहरण चपखल आहे आणि म्हणूनच त्यातील फरक सांगतो. तेलातला तीळ विरून गेला आहे. तो आज कोणालाही ऐकू येत नाही. व्यंगातला दोष मात्र अजून जिवंत आहे. लग्नाच्या बोलणीत, वैद्यकीय दाखल्यात, ‘अव्यंग’ या विशेषणात तो रोज वापरला जातो. शब्दाचा एक पाय जिवंत असेल तर तो दुसऱ्या अर्थात नीट उभा राहत नाही. आपल्याला वाचताना व्यंग आठवले नाही, हे मी मान्य करतो. पण त्याचे कारण त्या काळी आपण पाहत होतो ते बहुतांश उंदीर-मांजराचे पळापळीचे खेळ होते, हेही असू शकेल. विषय गंभीर झाला की शब्द टोचू लागतो.

इंग्रजी ‘ॲनिमेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘आनिमा’ आहे, म्हणजे श्वास, प्राण. ‘सचेतनपट’ हा शब्द त्याच अर्थाने घडवलेला दिसतो. अर्थाने तो निर्दोष आहे. फक्त तो उच्चारताना पाठ ताठ करावी लागते. खरे तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. शाडूच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करणाऱ्या समाजाला चित्रात प्राण घालणे म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांनी 1915 साली आगकाड्या हलत्या दाखवणारा लघुपट केला, तेव्हा त्यांनी त्याला ‘आगकाड्यांची मौज’ असे साधे नाव दिले आणि काम झाले.

जपानी विद्यार्थिनी, कोपरखैरणे :

मी काही वर्षांपासून जपानी भाषा शिकते आहे, म्हणून ‘ॲनिमे’ या शब्दापुरते सांगते. जपानीत हा शब्द ‘आनिमे’ असा उच्चारला जातो. त्या भाषेत ‘ॲ’ हा स्वरच नाही. इंग्रजी ‘ॲनिमेशन’ जपानने घेतला, त्याचा ‘आनिमेशोन’ केला, तो कापून ‘आनिमे’ केला आणि तो तुकडा इंग्रजीमार्गे आपल्याकडे येताना पुन्हा ‘ॲ’ चढवून आला. जपानमध्ये या शब्दात कुठल्याही देशाची हलती चित्रे येतात, अमेरिकेचीसुद्धा. जपानबाहेर मात्र त्याचा अर्थ ‘जपानी पद्धतीची मालिका किंवा चित्रपट’ एवढाच उरला. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू होता आणि पुढे तो केवळ हरिण उरला, तसाच हा अर्थसंकोच आहे.

गाडीतील त्या मुलाला म्हणूनच पूर्ण बरोबर म्हणता येणार नाही. कोणी जपानी आजी ‘डोरेमॉन’ला आणि ‘टॉम अँड जेरी’ला एकाच दमात ‘आनिमे’ म्हणेल. दुसरे असे की, आपण शब्द येण्याआधी वस्तू पाहिली आहे. दूरदर्शनवर 1993 साली रविवारी सकाळी लागणारी मोगलीची ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली केलेली जपानी मालिकाच होती. माझे बाबा आजही ‘मी आयुष्यात ॲनिमे पाहिले नाही’ असे ठामपणे सांगतात आणि चड्डी पहनके फूल खिल्याचे गाणे मात्र न चुकता गुणगुणतात.

लिंगाबद्दलही गोंधळ आहे. माझ्या मैत्रिणी ‘तो ॲनिमे’ आणि ‘ती ॲनिमे’ असे दोन्ही म्हणतात, बहुधा ‘तो शो’ आणि ‘ती मालिका’ मनात धरून. मराठीत ‘डोके’, ‘केळे’ असे एकारान्त शब्द नपुंसकलिंगी असतात, म्हणून ‘ते ॲनिमे’ मला स्वाभाविक वाटते. सामान्यरूप मात्र ‘डोक्याचा’प्रमाणे ‘ॲनिम्याचा’ करू नये. कानाला ते ॲनिमिया झाल्यासारखे वाटते. ‘कॅफेचा’ तसे ‘ॲनिमेचा’.

घोडबंदरकर :

शब्द कोणताही ठेवा, पण या मालिकांच्या चाहत्यांना रोज लागणाऱ्या इतर शब्दांचे काय? ‘सीझन’ला काय म्हणावे आणि ‘फिलर’ला काय म्हणावे? आमच्या घरी याच दोन शब्दांवरून वाद होतो, कारण मुलगा ‘नारुतो’ पाहतो आहे आणि ते संपण्याची चिन्हे दिसत नाहीत.

नौपाडाकर :

‘फिलर’साठी मराठीत नवा शब्द घडवण्याचे कारणच नाही, आपल्याकडे ‘खोगीरभरती’ आहे. खोगिराच्या गादीत चिंध्या, गवत, जे हाती लागेल ते कोंबतात, त्यावरून संख्या किंवा जागा भरण्यासाठी घेतलेल्या निरुपयोगी माणसांना आणि मजकुराला हा शब्द लागू झाला. जपानी मालिकांत हे का घडते तेही पाहण्यासारखे आहे. मूळ चित्रकथा साप्ताहिकात क्रमशः येत असते आणि तिच्यावरची मालिकाही दर आठवड्याला चालू असते. मालिका वेगाने पुढे सरकून मूळ कथेला गाठते, आणि मग लेखक पुढे जाईपर्यंत वेळ काढण्यासाठी मुळात नसलेले प्रसंग रचावे लागतात. ‘नारुतो’चे पहिले 220 भाग 2002 ते 2007 या काळात आले आणि त्यानंतरच्या ‘शिप्पुदेन’चे 500. आपल्या चिरंजीवांना शुभेच्छा.

परंतु या शब्दात एक गोष्ट अशी आहे जी इंग्रजी ‘फिलर’मध्ये नाही. खोगिरात भरती नसेल तर घोड्याची पाठ सोलवटते आणि स्वाराचेही हाल होतात. म्हणजे भरती निरुपयोगी वस्तूंची असली तरी तिचा उपयोग असतो. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण देतो. तिच्या दुसऱ्या पर्वात ‘बा सिंग से’ या शहरातील छोट्या छोट्या गोष्टींचा एक भाग आहे. कथानक त्यात तसूभरही पुढे सरकत नाही. घाईच्या प्रेक्षकाने त्याला खोगीरभरती म्हणून वगळले असते. त्याच भागात म्हातारा आयरो, मी वर म्हटलेला तो निवृत्त सेनापती, दिवसभर शहरात लोकांना मदत करीत फिरतो आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली आपल्या मृत मुलाची तसबीर ठेवून गाणे म्हणतो. आयरोला आवाज देणारे माको हे अभिनेते 2006 च्या जुलैमध्ये वारले होते आणि हा तुकडा त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. संपूर्ण मालिकेतील युद्धे मी विसरेन, ही चार मिनिटे विसरणार नाही. तेव्हा खोगीरभरती हा शब्द वापरावा, पण शिवी म्हणून वापरताना थोडे थांबावे. ओढूनताणून लांबवलेल्या कथानकासाठी ‘पाणी घालणे’ आहेच, आणि ती शिवीच आहे.

आता ‘सीझन’. मराठी वाहिन्यांनी ‘पर्व’ रुळवले आहे, आणि वरील मालिकेला तर तो शब्द मापून शिवल्यासारखा बसतो, कारण तिचे निर्मातेच तिच्या पर्वांना ‘ग्रंथ पहिला : जल’, मग पृथ्वी, मग अग्नी अशी नावे देतात आणि प्रत्येक भागाला अध्याय म्हणतात. जलपर्व, पृथ्वीपर्व, अग्निपर्व. भाग अनुक्रमे 20, 20 आणि 21. महाभारताच्या वाचकाला यापेक्षा ओळखीचे काय असणार?

मात्र ‘हंगाम’ हा शब्दही टाकून देऊ नये. जपानमध्ये दूरचित्रवाणीचे वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार तुकड्यांत विभागलेले असते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिकांची खेप येते आणि साधारण 11 ते 13 भागांत एक तुकडा संपतो. चाहते तिकडे ‘हिवाळ्यातील मालिका’, ‘वसंतातील मालिका’ असेच बोलतात. हा अक्षरशः हंगाम आहे, वाशीच्या बाजारात हापूसचा असतो तसा. म्हणून माझी सूचना अशी की कथेच्या विभागाला ‘पर्व’ म्हणावे आणि प्रक्षेपणाच्या त्रैमासिक खेपेला ‘हंगाम’. ‘या हंगामात त्या मालिकेचे दुसरे पर्व आले’ हे वाक्य इंग्रजीत सांगायला गेलो तर एकच शब्द दोनदा वापरावा लागतो.

ऐरोलीकर :

‘पर्व’ आणि ‘हंगाम’ यांतील भेद मान्य. ‘हलती चित्रे’ या वर्णनाबद्दल मात्र एक शंका आहे. माझ्या नातवाबरोबर मी जपानी मालिकांचे काही भाग पाहिले. त्यांत चित्रे फारशी हलतच नाहीत. मुखवटा स्थिर, फक्त ओठ हलतात आणि पार्श्वभूमी सरकते.

नौपाडाकर :

निरीक्षण अचूक आहे आणि त्यामागे पैशाचे आणि वेळेचे गणित आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढणे साप्ताहिक मालिकेला परवडत नाही, म्हणून एकच चित्र तीन चौकटींना वापरले तर सेकंदाला आठ चित्रे पुरतात. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ 1 जानेवारी 1963 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, ती अर्ध्या तासाच्या साप्ताहिक मालिकेचा साचा घेऊन. आणि तो साचा पाळण्यासाठी स्थिर चित्रे, सरकता कॅमेरा, पुन्हापुन्हा वापरलेली दृश्ये अशा अनेक काटकसरी तिने केल्या. अमेरिकेतील ‘फ्लिंटस्टोन्स’ही 1960 पासून अशाच काटकसरीने चालली होती. पुढे ही काटकसरच शैली झाली.

मला ती उणीव वाटत नाही, कारण आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी स्थिर चित्र हातात धरूनच रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात. चित्र जागचे हलत नाही. हलवतो तो सांगणाऱ्याचा सूर आणि वाद्याचा ठेका. उत्तम जपानी मालिकेत पाऊस पडतो आहे, पात्र खिडकीशी उभे आहे आणि दहा सेकंद काहीही होत नाही, तेव्हा मला चित्रकथीच आठवतो. ‘चित्रकथा’ हा शब्द छापील पुस्तकांनी आधीच अडवला नसता, तर मी या साऱ्या प्रकाराला तोच सुचवला असता.

सानपाड्याच्या आजी :

तुम्ही सारे नामांवर बोलता आहात, मी एका क्रियापदाकडे लक्ष वेधते. आमच्या घरी पूर्वी ‘मोगली लागलं’ अशी हाक ऐकू यायची आणि मुले खेळ टाकून धावत यायची. सिनेमा लागतो, नाटक लागते, दूरदर्शनवर कार्यक्रम लागतो. घाट लागतो, तहान लागते, तसे ते आपल्या हातात नसायचे. आता माझी नात स्वतः ‘लावते’. पाहिजे तेव्हा लावते, नको तेव्हा थांबवते. गेल्या कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून ‘लागलं’ हा शब्द मी ऐकलेला नाही. एक संपूर्ण प्रयोग घरातून निघून गेला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

आणखी एक. ‘आवाज देणे’ म्हणजे आमच्या लहानपणी हाक मारणे होते. नाना पाटेकरांनी मोगलीतील शेरखानाला ‘आवाज दिला’ असे शेजारच्या मुलाने सांगितले, तेव्हा मी क्षणभर त्यांनी वाघाला हाक मारली असेच समजले होते.

आणि ‘कार्टे’ या शब्दाची आपण उगाच बदनामी केली आहे. आम्ही तो आपल्याच मुलांना वापरतो, दुसऱ्यांच्या नव्हे.

नौपाडाकर :

आजी, ‘लागणे’ आणि ‘लावणे’ हा भेद माझ्या मनातही आला नव्हता. मूळ प्रश्नापेक्षा तो मोलाचा आहे. ‘कार्टे’बद्दलची दुरुस्तीही स्वीकारतो. तसे असेल तर त्या सावलीत ‘कार्टून’लाही राहायला हरकत नसावी. छोट्या, हसवणाऱ्या, पळापळीच्या मालिकांसाठी मी ‘कार्टून’ बिनदिक्कत वापरीन, जपानीसाठी ‘ॲनिमे’, आणि दोन्हींना सामावणारा शब्द हवा असेल तिथे ‘ॲनिमेशन मालिका’. ऐरोलीकरांना हे इंग्रजी शरणागतीचे वाटेल याची जाणीव आहे.

घोडबंदरकर :

जाता जाता, त्या ‘एअरबेंडर’ला मराठीत काय म्हणावे? धाकटी रोज विचारते.

नौपाडाकर :

‘बेंड’चे शब्दशः ‘वाकवणे’ करू नये, एवढे नक्की. पाणी आपण वळवतो, पाट वळवतो. पण वारा वळवत नाही, वारा फिरतो, आणि तोही आपल्या मनाने. त्या मालिकेतील माणसे वारा, पाणी, माती आणि आग या तत्त्वांना हवे तसे नाचवतात; या चारही तत्त्वांना चालणारे एक क्रियापद शोधताना मला ‘खेळवणे’ सापडले. शेतकरी शेतात पाणी खेळवतो, घरात हवा खेळती ठेवतात, आणि आगीशी खेळू नये हे तर प्रत्येक आईने सांगितलेलेच आहे. तेव्हा ‘वारा खेळवणारा’ असे धाकटीला सांगून पाहावे. मातीला मात्र हे क्रियापद लागू पडत नाही. मातीत आपण खेळतो, माती खेळवत नाही. तिथे माझे घोडे अडले आहे. कोणाला सुचल्यास इथेच लिहावे.

जपानी विद्यार्थिनी, कोपरखैरणे :

माती ‘घोळवणे’ चालेल का? खेळवणे आणि घोळवणे यांचे यमकही जुळते.

सानपाड्याच्या आजी :

घोळवतात ते लाडू, पिठात किंवा साखरेत. माती ‘मळतात’.